अंगठ्यांची गोष्ट आणि चरख्यांची

आपल्या मंडळात इतिहासाचा विषय निघाला की कापडाचा निघतोच. आपल्यापैकी निम्मेअधिक लोक लँकेशायरात किंवा त्याच्या आसपास राहतात. रोज कामाला जाताना बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी दिसतात, तेव्हा हे साहजिकच आहे. आणि कापडाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतो, ‘काका, इंग्रजांनी आपल्या विणकरांचे अंगठे कापले हे खरं ना?’ इथे जन्मलेली मुले हा प्रश्न विशेष आवेशाने विचारतात. मी मूळचा उमरेडचा, नागपूरजवळच्या कोष्ट्यांच्या गावचा. शिवाय १९७४ साली बोल्टनला आलो तो गिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. दर वेळी दोन मिनिटांत उत्तर देतो आणि दर वेळी ते अपुरे राहते. संपादकांनी या पुरवणीत जागा देऊ केली आहे, तेव्हा यंदा सविस्तर लिहितो.

आधी अंगठ्यांचे. ही गोष्ट निघाली बंगालमधून, आणि तिचा उगम बराचसा एका इसमाकडे जातो. विल्यम बोल्ट्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. कंपनीशी त्याचे बिनसले, त्याला हिंदुस्थानातून हाकलण्यात आले, आणि १७७२ साली त्याने लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर एक जळजळीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो लिहितो की, कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांवर कामाची इतकी सक्ती होई की, ती टाळण्यासाठी त्यांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे कापणारे इंग्रज नव्हेत, कापले गेले ते विणकरांचे नव्हेत, आणि माल सुती मलमल नव्हे. लोकांच्या तोंडी येता येता हे तिन्ही बदलले. बोल्ट्सचा कंपनीवर राग होता हे धरूनही, कंपनीच्या गुमास्त्यांनी बंगालच्या कारागिरांना जाच केला यात शंका नाही. आगाऊ रक्कम गळ्यात मारायची, मग बाजारभावापेक्षा कमी दराने माल घ्यायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला तर शिपाई दारात बसवायचे, हे प्रकार सर्रास होते.

परंतु माझी या गोष्टीबद्दल तक्रार वेगळी आहे. अंगठ्यांच्या गोष्टीत एक दुष्ट माणूस असतो, एक सुरी असते आणि एक दिवस असतो. आमच्या नागपूर-वऱ्हाडकडे जे घडले त्यात यातले काहीही नव्हते. तिथे एक आगगाडीचा फाटा होता, एक अहवाल होता आणि पंचवीस-तीस वर्षे होती. रक्ताचा थेंब सांडला नाही. म्हणूनच त्याची गोष्ट झाली नाही.

त्या मुलखाची स्थिती थोडक्यात सांगतो. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी कंपनीच्या ताब्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. नागपूरच्या दरबारी मंडळींना लागणारी पागोटी, शेले, रेशीमकाठी धोतरे हा उमरेड, पवनी, भंडारा आणि खुद्द नागपूरच्या कोष्ट्यांचा मोठा धंदा. दरबार उठला आणि वरच्या मालाचे गिऱ्हाईक एकाएकी कमी झाले. मात्र याने धंदा मेला नाही. पागोटी दरबाराबाहेरही लोक बांधत, लग्ने दरबाराविनाही होत.

खरी उलथापालथ सुरू झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कापूस लिव्हरपूलला येईना. लँकेशायरात गिरण्या बंद पडल्या, हजारो कुटुंबे धर्मादाय अन्नावर जगू लागली. त्या वेळी हिंदुस्थानी कापसाला इथे सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो वऱ्हाडातला का असेना. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस इथल्या कामगारांना इतका नकोसा की, ‘देवा, कापूस पाठव, पण सुरत नको’ अशी प्रार्थना ते करीत अशी आख्यायिका आहे. जुने लोक ती मला प्रयोगशाळेत हसून ऐकवीत. जाता जाता एक सांगतो: आखूड धाग्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्या काळात इथल्या गिरण्यांनी ताण्याला भरमसाट खळ द्यायला सुरुवात केली. पुढे त्यात चिनी माती मिसळून हलके कापड वजनदार भासवण्याची खोडच लागली. पहिल्या धुण्यात माती निघून जाई आणि उरे ती जाळी. बोटीतून येताना गठ्ठ्यांना बुरशी चढल्याच्या तक्रारी तर किती! मँचेस्टरचा माल म्हणजे सगळा उत्तम, असे मानायचे कारण नाही.

तर या कापूस-दुष्काळाने मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना एक धडा शिकवला: एका देशावर विसंबू नये. वऱ्हाडची काळी जमीन त्यांच्या नजरेत भरली. सरकारने वऱ्हाड आणि मध्यप्रांतासाठी खास कापूस कमिशनर नेमला. त्या जागी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा तरुण अधिकारी होता. हा गृहस्थ मोठा चौकस. नागपूरजवळच्या जुनापाणीची दगडांची प्राचीन वर्तुळे त्यानेच नीट पाहून जगापुढे आणली, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. याच माणसाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस कापूस खात्याच्या अहवालात एक मजकूर लिहिला. इतिहासकारांनी तो पुढे वारंवार दाखवून दिला आहे. त्याचा सारांश असा: या मुलखात रेल्वेचा फाटा आणला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग आज जो कापूस इथेच कातला जातो तो निर्यातीला मिळेल. शिवाय कातण्या-विणण्यात गुंतलेली पुष्कळ माणसे मोकळी होऊन शेतमजुरीला मिळतील, आणि जंगल तोडून आणखी जमीन लागवडीखाली आणता येईल.

हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. यात द्वेष नाही, तुच्छता नाही. एक हुशार माणूस शांतपणे हिशेब मांडतो आहे. एका फाट्यात तीन फायदे: कापडाला गिऱ्हाईक, गिरणीला कापूस, शेताला मजूर. ज्यांचा धंदा जाणार ती माणसे हिशेबात जमेच्या बाजूला आहेत!

आणि फाटे आले. मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, अमरावतीचा १८७१ साली. हिंगणघाटलाही त्याच दशकात गाडी गेली. कापसाच्या बाजाराला फाटा, हे सूत्र नकाशावर आजही स्पष्ट दिसते. जाताना डब्यांतून रुईचे गठ्ठे आणि येताना कापडाचे.

आता या फाट्याने नेमके कोण मोडले, हे पाहू. ‘विणकर देशोधडीला लागले’ असे आपण एका दमात म्हणून टाकतो; पण कापड हे काही एका माणसाचे काम नव्हते. शेतातून कापूस घरी आला की रेच्यावर सरकी काढायची. मग पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा, पेळू करायचे, चरख्यावर सूत कातायचे. त्यापुढे पांजणी, रंगाऱ्याचे काम, आणि मग कुठे माग. यातले सर्वांत वेळखाऊ काम कातण्याचे. एका मागाला सूत पुरवायला चार-सहा चरखे तरी लागत, बारीक सुताला त्याहून जास्त. म्हणजे गावात एक विणकर असेल तर त्याच्यामागे चार-सहा बायका असत, आणि त्या सगळ्या जातींच्या असत. कुणब्याची सून दुपारी कातायची, म्हातारी दिवसभर कातायची. विधवेला, मग ती ब्राह्मणाची असली तरी, चार दिडक्या मानाने मिळवण्याचे ते जवळजवळ एकमेव साधन होते.

गिरणीच्या यंत्राने पहिला घाव घातला तो या कातणाऱ्या बायांवर. कारण उघड आहे. हातमाग आणि यंत्रमाग यांच्या वेगातले अंतर मोठे होतेच. पण चरखा आणि गिरणीची चाती यांच्यातले अंतर त्याच्या कित्येक पट. विलायती बारीक सूत रेल्वेच्याही आधी बैलांवर लादून नागपूरला येऊ लागले होते. कोष्ट्यांनी ते आनंदाने घेतले. एकसारखे, न तुटणारे, वर स्वस्त! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा रेशीमकाठी माल टिकला, तो काही अंशी या परक्या सुताच्या जोरावरच. काठ वेगळा, मधले अंग वेगळे, लांबी-रुंदी गिऱ्हाइकाच्या जातीगावाप्रमाणे, असे काम यंत्रमागाला परवडत नसे. माझ्या लहानपणी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही, उमरेडच्या आमच्या आळीमागे खड्ड्यातल्या मागांची खटखट पहाटे सुरू होई. कोष्टी गरीब झाले, सावकाराच्या हाताखाली गेले, पण राहिले. त्यांची वस्ती राहिली, त्यांच्या सोसायट्या झाल्या, मोर्चे निघाले, पुढाऱ्यांना त्यांच्या दारी जावे लागले.

कातणाऱ्या बायांचे यातले काहीच झाले नाही. त्यांची वस्ती नव्हती, जात नव्हती, पंचायत नव्हती. त्या प्रत्येक घरात एकेकट्या होत्या. सबंध देशाची पहिली खानेसुमारी १८७२च्या सुमारास झाली. तोवर पुष्कळ चरखे माळ्यावर गेले होते. जे चालू होते तेही ‘घरातल्या बाईचे रिकाम्या वेळचे काम’ म्हणून नोंदवायचे राहिले असणार. धंदा नोंदलाच गेला नाही, म्हणून बुडाल्याचीही नोंद नाही. अर्थशास्त्रज्ञांत पुढे मोठा वाद झाला की, इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातले कारागीर खरेच कमी झाले की नाही. एका पक्षाचे म्हणणे, हातमाग तर विसाव्या शतकातही लाखांनी चालू होते, मग नाश कसला? माग मोजले तर त्यांचे खरे आहे. चरखे मोजायला गेले तर मोजायला काही उरलेच नाही. मला स्वतःला या वादात चरख्यांचे पारडे जड वाटते.

विस्मरण किती झपाट्याने झाले पाहा. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, तोवर आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचेही स्मरत नाही, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. पुढे आश्रमासाठी चालता चरखा हवा झाला तेव्हा तो मिळेना. अखेर गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी काही घरांच्या माळ्यांवरून तो शोधून काढला. कापसाच्या गुजराथेत ही अवस्था! दोन-तीन पिढ्यांपूर्वी घरोघर असलेली वस्तू पुराणवस्तूसारखी शोधावी लागली.

दुसरा घाव बसला जाड्याभरड्या कापडावर, आणि तो कोणावर बसला हे आपण मराठी माणसे सांगताना विसरतो. नागपूर-वऱ्हाड भागात खेड्यातले जाड कापड, म्हणजे हातसुताची पासोडी, पंचे, शेतकऱ्याचे धोतर, विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर महार समाजाकडे होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जे ग्रंथ प्रसिद्ध केले त्यातही जाड कापड विणणे हा या समाजाचा धंदा म्हणून नोंदला आहे. जाड कापड बरीच वर्षे तगून राहिले, कारण मातीत राबणाऱ्याला टिकाऊ वस्त्र हवे असते आणि चिनी मातीने फुगवलेला विलायती माल वर्षभर पुरत नसे. पण ते कापड हातसुताचेच होते. चरखे बंद पडत गेले तसे सूत मिळेना. पुढे देशी गिरण्यांनीच स्वस्त जाड कापड काढले, आणि खेड्यातले हे माग थांबले. कोष्ट्याजवळ रेशमी काठ होता. यांच्याजवळ तसे काही नव्हते.

ही माणसे कुठे गेली? रिव्हेट-कार्नाकच्या हिशेबाप्रमाणे बरीचशी शेतमजुरीला. वऱ्हाडातल्या लागवडीच्या जमिनीचा निदान तिसरा हिस्सा शतकाच्या अखेरीस कापसाखाली होता. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात ते यासाठीच. पण सोने गठ्ठ्यांनी बाहेर जाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत हातात पिकाशिवाय दुसरा धंदा नसलेला मजूर पहिल्या झटक्यात खडी फोडायला गेला. दुष्काळात विणकरही मरतोच, कारण धान्य महागले की कापड कोणी घेत नाही. तरी घरात एक चरखा, एक माग आणि शेतातले एक काम अशी तीन पोटे भरणारी साधने असणे निराळे, आणि फक्त मजुरी असणे निराळे.

काही लोक गेले नागपूरच्या गिरणीत. इथे एका दिवसाची आठवण करून द्यायला हवी. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच दिवशी नागपूरला जमशेदजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. दिल्लीच्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हजर होते, आणि भरजरी पोशाखांच्या त्या गर्दीत ते शुभ्र खादीचे कपडे घालून गेले होते. मँचेस्टरला दिलेली दोन मराठी मुलखातली उत्तरे, एकाच तारखेची! एकाने यंत्राला यंत्र दिले, दुसऱ्याने चरख्याचे सूत अंगावर घातले. टाटांनी जुमा तलावाजवळची दलदल भरून काढली तेव्हा एका सावकाराने ‘हा माणूस सोने मातीत घालतो आहे’ म्हणून कर्ज नाकारले. पुढे त्यानेच कबूल केले की, याने माती घातली आणि सोने काढले. सांगलीच्या-पुण्याच्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक नसेल, नागपुरात शेंबडे पोरही सांगते.

या देशी गिरण्या वर येऊ लागल्या तसा लँकेशायरचा जीव खालीवर झाला. १८८२ साली हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरची जकात साफ उठवली गेली. १८९४ साली सरकारला पैशाची नड पडली म्हणून जकात परत बसवावी लागली, तेव्हा इथल्या खासदारांनी आकाशपाताळ एक केले. परिणामी १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि न्याय म्हणून हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच साडेतीन टक्के कर! लँकेशायर जे कापड काढतही नव्हते त्या जाड मालावरसुद्धा. हा कर १९२५ अखेरपर्यंत चालला. हातमाग त्यातून सुटला होता हे मात्र नमूद करायला हवे.

नागपूरच्या गिरणीत महार समाजातले पुष्कळ लोक कामाला लागले आणि त्यातून त्या शहरात एक जागृत कामगारवर्ग उभा राहिला. मुंबईचे चित्र अधिक कडू होते. तिथल्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला, आणि त्याच खात्याची दारे अस्पृश्यांना बंद. सबब अशी की, धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, मग विटाळ होईल. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. ज्या जातीचा कोकणातला नव्हे तरी नागपूरकडचा धंदाच विणण्याचा, तिला मागाजवळ उभे राहू द्यायला हरकत घेणारे इंग्रज नव्हते, आपलेच लोक होते. अंगठ्यांची गोष्ट सांगताना हा भाग आपल्या तोंडून निघत नाही.

आपले त्या काळचे शहाणे लोक काही झोपेत नव्हते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला त्यात परदेशी मालामुळे साळी-कोष्ट्यांची काय उपासमार झाली हे स्वच्छ सांगितले आहे. आणि त्याच पुस्तकात ते इंग्रजांना आणि भटशाहीला एकाच वेळी जाब विचारतात. दोन्ही बाजूंना बोलण्याची ही सवय आपण त्यांच्याकडून घ्यायला हवी होती.

आता थोडे इकडचे. प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयात काही वर्षांपूर्वी मी फोर्ब्स वॉटसनचे खंड पाहिले. हा डॉक्टर माणूस लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये होता. त्याने १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने कापून अठरा खंडांत चिकटवले आणि असे वीस संच तयार केले. तेरा ब्रिटनमधल्या गावांना दिले, सात हिंदुस्थानात पाठवले. उद्देश असा की, इथल्या कारखानदाराने घरबसल्या बोटांनी चाचपून पाहावे आणि तसेच काढावे. सोबतच्या पुस्तकात तो बजावतो की, ढाक्याच्या मलमलीच्या मागे लागू नका, खरे गिऱ्हाईक साध्या लोकांचे आहे. लुगडे, धोतर, लुंगी कशी नेसतात ते समजून घ्या. त्याच्या नमुन्यांखाली लांबी, रुंदी, वजन, गाव सारे आहे. मी गिरणीच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस. सवयीने एका जाड तुकड्याचे सूत भिंग लावून पाहिले. कुठे जाड, कुठे बारीक, पीळ मधेच सैल झालेला. यंत्राचे सूत असे नसते. कातताना कोणीतरी मधे उठले असेल, पोर रडले असेल. ते सूत काढणारीचे नाव कुठेच नाही. पण विणणाऱ्याचेही नाही.

लँकेशायरचे पुढे काय झाले हे आपण डोळ्यांनी पाहिले. १९१३ साली इथून हिंदुस्थानात सुमारे तीनशे कोटी वार कापड गेले, आणि तिथून घसरण लागली. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनजवळ येऊन बेकार कामगारांना भेटले, आणि त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. मी आलो तेव्हा रात्रपाळी बहुतेक आपल्याच उपखंडातल्या लोकांची असे. गोऱ्यांना नको असलेली पाळी. बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल १९८२ साली बंद झाली, तिचे संग्रहालय झाले. नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला.

एक विनंती करून थांबतो. नागपूर, वऱ्हाड, खानदेशकडची जी कुटुंबे आपल्या मंडळात आहेत त्यांच्या गावच्या घरी जुनी रोजकीर्द, वह्या, मोडीतली बाडे असतील. त्यांत ‘सूत कताई’, ‘पेळू’, ‘कातणारणीस दिले’ असल्या नोंदी सापडण्याचा संभव आहे. कोणाला किती सूत, किती पैसे, एवढे जरी असले तरी पुरे. कापूस खात्याच्या अहवालांत ते मिळणार नाही, ते मिळाले तर अशाच वह्यांत मिळेल. घर विकताना, आवराआवर करताना हे कागद रद्दीत घालू नका. त्याची छायाप्रत मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवा. मोडी मला बऱ्यापैकी वाचता येते, आणि नाही आली तर वाचणारे मी शोधून काढीन.